नीळ घालून गुलाब निळा होत नसतो

कोथरूडच्या आमच्या गच्चीबागवाल्यांच्या ग्रुपवर एकच मजकूर आठवड्यात चार जणांनी टाकला: 'कुंडीत कपड्यांची नीळ घाला, गुलाब निळा फुलेल. बिटाचा रस घाला, जास्वंद लालभडक होईल. फुलाचा रंग मातीतूनच येतो, हायड्रेंजियाचं झुडूप बघा, मातीप्रमाणे फुलाचा रंग बदलतं.' खाली हात जोडलेले.

नीळ आधी घेऊ. मंडईपाशी निळा निशिगंध मिळतो, कबूल. पण त्याचे कापलेले देठ रंगाच्या पाण्यात ठेवलेले असतात. पाकळी उजेडासमोर धरा, निळाई शिरांत साचलेली दिसेल. कापलेला देठ मिळेल ते पाणी ओढतो. जिवंत मूळ मात्र चाळून घेतं. गुलाबाचा रंग पाकळीच्या पेशीतच तयार होतो. तो बनवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, साखळीनं काम करतात. एकानं केलेला माल दुसरं उचलतं. निळ्या छटेचं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य बनवायला लागणारं विकर गुलाबाकडे नाहीच. जपानच्या सनटोरी कंपनीनं पॅन्सीचं जनुक घालून २००९ मध्ये 'निळा' गुलाब बाजारात आणला, तोही दिसतो जांभळटच. पेशीतल्या रसाचा आंबटपणाही रंग बदलतो. खात्री करायची तर गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाका आणि त्यात लिंबू पिळा: निळ्याचं जांभळं झालंच म्हणून समजा. (शेवंतीचंही दुखणं गुलाबासारखंच. २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी ती खरोखर निळी केली, तेव्हा घातलेल्या दोन जनुकांपैकी एक या गोकर्णाचं होतं!)

बिटाचं तर विचारूच नका. बिटाचा लाल रंग बीटालेन जातीचा, जास्वंदीचा अँथोसायनिन. दोन्हींचे कारखानेच वेगळे. बिटाची भावंडं शोधायचीच तर गुलबक्षी आणि बोगनवेल. रस ओतून कुंडीत मुंग्या तेवढ्या येतील.

आता 'रंग मातीतूनच'. १९९० मध्ये अमेरिकेत पेटुनिया अधिक गडद व्हावा म्हणून रंगाच्या साखळीतल्या चाल्कोन सिंथेज या विकराचं जास्तीचं जनुक त्यात घातलं, तर कित्येक फुलं पांढरीफटक निघाली. जास्तीच्या जनुकापायी मूळचंही गप्प झालं होतं. माती बदललीच नव्हती.

राहता राहिली हायड्रेंजिया. तिथं मजकूर अर्धा खरा आहे. आम्लधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम विरघळून झाडात जातं, फुलातल्या डेल्फिनिडिनला चिकटतं आणि गुलाबी फूल निळं होतं. पण ते डेल्फिनिडिन झाडानं स्वतः बनवलेलं असतं. पांढऱ्या हायड्रेंजियात ते नसतं, म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमवाली तुरटी कितीही घाला, ती पांढरीच फुलते.