प्रतिक्रियेला उत्तर: क्लोई ब्राउन प्रेमात पडून बरी होते का?

नमस्कार. टालिया हिबर्टच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (2019) या कादंबरीवरच्या लेखाला तुम्ही मन लावून प्रतिक्रिया लिहिलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नायिकेचा आजार वरून चिकटवलेला आहे, देखणा नायक भेटताच ‘संधिवात पळून जातो आणि बाई मोटारसायकलवर बसते’, शेवटाआधीचं भांडण ओढूनताणून आणलंय, आणि शेवट गोडच होणार हे आधीपासून ठाऊक असेल तर वाचायचं कशाला?

आधी आजाराचं बोलू. क्लोईला संधिवात नाही, फायब्रोमायल्जिया आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्यांना सूज येते, हळूहळू त्यांची झीज होते, आणि आजाराच्या खुणा बरेचदा रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये दिसतात. फायब्रोमायल्जियात सांधे शाबूत असतात, पण वेदना जाणवून देणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, डोक्यावर धुकं आल्यासारखं होणं, आणि तरी रिपोर्ट सगळे नॉर्मल. त्यामुळे ‘तुला काहीच झालेलं नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं. क्लोईचा होणारा नवरा हेन्री आजारपणात तिला सोडून गेला आणि मैत्रिणीही पांगल्या. मदत मागायच्या आधीच ती समोरच्याला फटकारते, त्याचं मूळ इथे आहे. तुम्हाला तो ‘उद्धटपणा’ वाटला. मला तो कादंबरीतला सगळ्यात नेमका तपशील वाटतो.

मोटारसायकलचं म्हणाल, तर या दुखण्यात बरे दिवस असतात आणि वाईटही. बऱ्या दिवशी बरंच काही जमतं. फसगत अशी होते की बरं वाटतंय म्हणून माणूस चार दिवसांची कामं एका दिवसात उरकतो आणि मग अंथरूण धरतो. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट काम तुकड्यांत वाटायला सांगतात: दमण्याआधी थांबायचं, बऱ्या दिवशीही ठरलेल्या मापाबाहेर जायचं नाही. मांजर उतरवायला क्लोई झाडावर चढते तो प्रसंग या नजरेने परत वाचा. मांजर मिळतं, पण त्या चढाईची वसुली शरीर नंतर करतं. बरं करणारं औषध या आजाराला नाही, आणि कादंबरीही तसं काही शोधून काढत नाही. शेवटच्या पानावरही क्लोई आजारीच आहे.

आजार खरोखर चिकटवलेला असला की तो ओळखू येतो. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत त्याचं वर्णन असतं, प्रणयाच्या प्रसंगात तो गायब होतो आणि शेवटाकडे इस्पितळातल्या खाटेवर परत येतो, नायकाला रडवायला. असली पुस्तकं ढिगाने आहेत. इथे लेखिकेने प्रकरणं क्लोई आणि नायक, चित्रकार रेड यांच्या नजरेतून आलटून पालटून लिहिली आहेत. म्हणून दुखणं आतून कसं जाणवतं तेही कळतं आणि बाहेरून कितपत दिसतं तेही. रेड तिला वाचवत नाही, विचारतो. कुठे दुखतंय, काय चालेल, काय नको. हे विचारणं जवळिकीच्या प्रसंगातही थांबत नाही, आणि प्रसंग त्यामुळे थंड पडत नाहीत. ही कारागिरी सोपी नाही.

भांडणाबाबत तुमचं निम्मं म्हणणं मान्य. रेडला क्लोईची टिपणं दिसतात, तो त्यांचा भलताच अर्थ लावतो आणि निघून जातो. पाच मिनिटं बोलून मिटणारी गोष्ट, असं कुणालाही वाटेल. प्रणयकादंबरीत साधारण तीन-चतुर्थांश भाग संपला की ताटातूट यायची हा रिवाजच आहे, आणि बहुतेक लेखक तिथे योगायोगाने फोन बंद पाडतात. तसं इथे नाही. रेडची आधीची प्रेयसी पिपा श्रीमंत, लंडनच्या कलावर्तुळात वजन असलेली, आणि त्याला पायाखाली ठेवणारी. ‘श्रीमंत बाईने मला वापरलं’ हा निष्कर्ष त्याच्या मनात आधीपासून तयार होता, टिपणं नुसतं निमित्त. प्रसंग घाईत उरकलाय, हे मात्र खरंच. आणखी दहा पानं द्यायला हवी होती.

गोड शेवटाला मी दोष मानणार नाही. अमेरिकेतल्या प्रणयलेखकांच्या संघटनेने या प्रकाराच्या व्याख्येत दोनच अटी घातल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. रहस्यकथेत खुनी सापडणारच, म्हणून आपण ती मिटून ठेवत नाही. इथे ‘काय होणार’ यापेक्षा ‘ही दोघं कशाच्या बदल्यात एकत्र येतात’ हे बघायचं असतं. क्लोईने त्याच्या चित्रांसाठी वेबसाइट करायची, त्याने, आयुष्य मोकळेपणी जगायचं म्हणून तिने केलेल्या यादीतली कामं तडीस न्यायला मदत करायची. हा सौदा कुठे मोडतो आणि दोघं हिशेब ठेवायचं कधी विसरतात, तिथे पेन्सिलने खूण करत जा.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेले दोन आक्षेप मीच घालते. क्लोईच्या घरचा पैसा. तिला नॉटिंगहॅममध्ये वेगळा फ्लॅट घेऊन राहता येतं आणि घरी बसून वेब डिझाइनचं काम सोसेल तेवढंच करता येतं. कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्या बाईला हाच आजार असता तर ही कथा तिसऱ्या प्रकरणातच अडली असती. दुसरं म्हणजे, ती खिडकीतून रेडला चित्र काढताना चोरून बघते. नायकाने असं केलं असतं तर आपण पुस्तक भिरकावलं असतं. ती पुढे कबूल करते, पण त्याला तो प्रकार जितक्या लवकर पचतो तितका मला पचला नाही.

या मालिकेत अजून दोन पुस्तकं आहेत, क्लोईच्या दोन्ही बहिणींची. धाकटीचं, ‘ॲक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन’ (2021), आधी घ्या. त्यात नायक-नायिका दोघंही ऑटिस्टिक आहेत, त्यामुळे कोण कुणाला बरं करतंय हा तुमचा प्रश्न तिथे लावून बघता येईल.