भरती चुकवणारे सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत

अमेरिकेच्या मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, माझ्या लेखात व्हिएतनाम युद्धाची सक्तीची भरती चुकवणाऱ्यांचा विषय काढणं हा हुतात्म्यांचा अपमान आहे, आणि त्या पळपुट्यांना माफी द्यायलाच नको होती, असं तुमचं म्हणणं. राग कळतो. पण 'पळपुटे' या एका शब्दात तुम्ही फार वेगवेगळी माणसं कोंबलीत.

सर्वांत मोठा गट कायदा न मोडताच सुटला. कॉलेजात नाव घातलं की भरतीच्या नोंदीत २-एस (विद्यार्थी) शेरा मिळायचा आणि भरती पुढे ढकलली जायची. डॉक्टरच्या दाखल्यावर ४-एफ, म्हणजे सेवेला अपात्र. नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्यात, जागा मिळाली तरी व्हिएतनाम बहुधा टळायचं, म्हणून तिथे प्रतीक्षायादी लागलेली असे. फी भरायची ऐपत नसलेला पोरगा १-ए राहायचा, म्हणजे भरतीला तयार. कायद्याच्या वाटेने सुटलेल्यांवर कधी खटलाच झाला नाही, मग माफीचा प्रश्न कुठे?

कोणाला आधी बोलवायचं हे जन्मतारखांची सोडत काढून ठरायचं, लहान क्रमांक आधी. 'सोडतीत सगळे सारखे होते' हे तुमचं म्हणणंही पूर्ण खरं नाही. १ डिसेंबर १९६९च्या सोडतीत ३६६ जन्मतारखा निळ्या कुप्यांत घातल्या होत्या. कुप्या जानेवारीपासून महिन्याच्या क्रमाने पेटीत पडल्या आणि नीट ढवळल्याच गेल्या नाहीत. शेवटी पडलेला डिसेंबर वरच राहिला, त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्यांना लहान क्रमांक जास्त आले. १४ सप्टेंबर पहिली निघाली. प्रत्यक्षात १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं. पुढच्या वर्षी तारखा आणि क्रमांक वेगवेगळ्या पिंपांतून काढावे लागले, ते याच घोळामुळे.

मुष्टियोद्धा मुहम्मद अली तर पळालेच नाहीत. १९६७मध्ये भरती केंद्रावर हजर राहून त्यांनी नकार दिला, किताब गमावला, पाच वर्षांची शिक्षा ऐकली. १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

माफीबद्दल तुम्ही पकडलेली चूक मात्र माझीच. 'सर्वांना माफी' असं मी सरसकट लिहिलं होतं. २१ जानेवारी १९७७ची राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची माफी भरतीचा कायदा मोडणाऱ्या नागरिकांपुरती होती. गणवेश चढवल्यावर पळालेले सैनिक तिच्यात नव्हते. लेखात दुरुस्ती करतो.

आता अपमानाचा मुद्दा. थॉमस बेनेट यांनी सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र घ्यायला नकार दिला आणि १-ए-ओ शेऱ्यावर, बिनबंदुकीचे वैद्यकीय सैनिक म्हणून व्हिएतनामला गेले. ११ फेब्रुवारी १९६९ रोजी जखमी सोबत्यापर्यंत पोचताना ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. तुमच्या व्याख्येत ते कुठे बसतात?

वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर त्यांचं नाव आहे. तिथली नावं मारले गेल्याच्या, प्राणघातक जखमी झाल्याच्या किंवा बेपत्ता झाल्याच्या तारखेनुसार लावलीत, एका दिवसातली वर्णानुक्रमे. हुद्दा नाही. नावाजवळ पत्त्यांतल्या चौकटसारखं चिन्ह असेल तर मृत्यू निश्चित, क्रॉस असेल तर बेपत्ता. अवशेष सापडून ओळख पटली की क्रॉसवरच चौकट कोरतात. भरतीने आलेला, आपणहून आलेला, बंदूक नाकारलेला, यांसाठी वेगळी खूण त्या दगडात नाही.