लग्नाचं जेवण दान करायचंय? मग पहिलं ताट वाढायच्या आधी ठरवा

अक्षय तृतीया तोंडावर आली की दानाचं जेवण रुग्णालयात पोचवणाऱ्या आमच्या नागपूरच्या ग्रुपवर रात्री बाराच्या सुमारास फोटो यायला लागतात. वर्धा रोड, बेसा, कोराडी रोड, कुठल्या ना कुठल्या लॉनवरचे. भाताचा अर्धा गंज, पनीरची कढई आणि खाली ओळ: "शंभर लोकांचं जेवण उरलं आहे, लवकर न्या, लॉनवाले खाली करायला सांगताहेत." पाठवणाऱ्याच्या मनात खोट नसते. अन्न टाकवत नाही ही भावना मला मनापासून आवडते. तरी स्पष्ट लिहितो, असं अन्न नाकारायला हवं आणि मी ते नाकारतो.

वेळेचा हिशेब करून पाहा. कॅटररचा भात संध्याकाळी सहाला उतरलेला असतो. आठ ते अकरा बुफे. बाराला फोन, मग डबे शोधा, गाडी बघा, मेडिकलला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, पोचेपर्यंत एक वाजतो. तिथे तोवर लोक झोपलेले. ते पाकीट उशाशी ठेवतात आणि सकाळी खातात. म्हणजे शिजल्यापासून खाईपर्यंत बारा-चौदा तास, तेही नागपूरच्या मे महिन्यात, जिथे रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तासच धरायचा. भाताचं तर आणखी वेगळं आहे. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. झाकण लावलेल्या मोठ्या गंजात मधला भात तासन्‌तास कोमट राहतो, तिथे ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्याला वास नाही, चव नाही. त्यामुळे "वास घेऊन बघितला, चांगलं आहे" या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आणि हे खाणारं कोण? मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांच्या आवारात गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक चादर टाकून पडलेले असतात. एका पेशंटबरोबर बहुतेक वेळा एकच माणूस. त्याला जुलाब लागले तर औषधं आणायला, रक्ताची चिठ्ठी घेऊन धावायला कोणी उरत नाही. एका मावशीने पाकीट हातात घेतल्यावर आधी विचारलं, "केव्हाचा भात होय जी?" शिजवल्याची वेळ सांगितली तेव्हाच तिने पाकीट उघडलं. पोटात भूक असतानाही हा प्रश्न विचारण्याचा तिचा हक्क आहे आणि देणाऱ्याकडे त्याचं उत्तर असलंच पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की, दान आधी ठरवा. पाहुणे किती येणार याचा अंदाज कॅटररला चांगला असतो. पहिलं ताट वाढायच्या आधीच ताजी, गरम भाजी, वरण, भात स्वच्छ झाकणाच्या डब्यांत भरून वेगळे काढायला सांगा. बुफेला लागलेलं, शंभर हातांनी डाव फिरवलेलं त्यात नको. साडेआठच्या आत हे जेवण मेडिकलला पोचतं आणि लोक ते तिथेच, गरम असताना जेवतात. डब्यावर पदार्थाचं नाव, शाकाहारी की मांसाहारी, शिजवल्याची वेळ आणि कुठून आलं हे मार्करने लिहा. पोळ्या, पुऱ्या, बुंदी, शेव निर्धास्त द्या. कढी, दहीवडा, रायता, रसमलाई देऊ नका, मन कितीही मोठं असलं तरी.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदान होतं, ते एकदा नीट बघा. घाण्यामागून घाणा उतरतो आणि गरम अन्न थेट ताटात पडतं. तिथे लोकांसाठीच रांधलेलं असतं. लग्नघरानेही तसंच पन्नास ताटं जास्त रांधली तर काय बिघडतं?

संस्थांसाठी नियम आहेत. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दल एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले, ते १ जुलै २०२० पासून लागू आहेत. तुम्ही ज्यांना अन्न देता त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि कृपा करून "अन्न उरलं तर १०९८ ला फोन करा" हा मेसेज पुढे पाठवू नका. तो नंबर संकटातल्या मुलांसाठी आहे. तिथे कोणी भात न्यायला येत नाही, पण तुमच्या फोनमुळे एखाद्या मुलाचा फोन लागायचा राहू शकतो.

एवढं करूनही रात्री बाराला भात उरलाच तर तो खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. गाईसमोर घमेलंभर ओतू नका, इतका शिजलेला भात एकदम खाल्ला तर तिच्या पोटात आम्ल वाढतं आणि ते तिच्या जिवावरही बेतू शकतं.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी कॅटररला अ‍ॅडव्हान्स देतानाच हे बोलून घ्या, ऐन दिवशी कोणालाच वेळ नसतो. आठ दिवस आधी मला मेसेज केलात तर डबे आणि गाडी घेऊन आम्ही संध्याकाळी साडेसातला लॉनवर हजर राहू.