मालक गेला, नाव राहिलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल संघांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की बेसबॉलचे गार्डियन्स काय किंवा फुटबॉलचे ब्राउन्स काय, हे अब्जाधीशांचे धंदे आहेत. खेळाडू बाहेरून आणलेले, आज इथे तर उद्या तिथे. नाव बदललं, बोधचिन्ह बदललं, मैदान बदललं, मालक बदलले, मग त्यात ‘आपलं’ काय उरलं? दुसरं म्हणजे मी पराभवाचे गोडवे गातो. आणि तिसरं, कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने क्लीव्हलँडला ‘माझं गाव’ म्हणणं तुम्हाला ओढूनताणून वाटतं.

पहिला मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. संघ नेमका कोणाचा, या प्रश्नाचा निकाल याच शहरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागला आहे.

ब्राउन्सचे तेव्हाचे मालक आर्ट मॉडेल यांनी ६ नोव्हेंबर १९९५ रोजी बाल्टिमोरमध्ये जाहीर केलं की ते संघ घेऊन तिकडे चालले आहेत. हंगाम अर्ध्यावर होता. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं: दारू-सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवून त्या पैशातून स्टेडियमचं काम करायचं की नाही. आदल्या दिवशी मालकाने पाठ फिरवलेली असतानाही लोकांनी भरघोस मतांनी होकार दिला. मॉडेल यांच्यासाठी कोणी मत दिलं असेल असं मला वाटत नाही. ते मत ब्राउन्ससाठी होतं, आणि हा फरक लोकांना तेव्हाच नीट कळत होता.

१७ डिसेंबरला ईरी तळ्याकाठच्या म्युनिसिपल स्टेडियममध्ये शेवटचा घरचा सामना झाला, सिनसिनाटी बेंगल्सशी. मी शहरात नवखा होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बरोबर नेलं म्हणून गेलो. तिथलं एक दृश्य सांगतो, कारण तुमच्या ‘खेळाडू बाहेरचे’ या वाक्याचं उत्तर त्यात आहे. गोलपोस्टमागच्या स्टँडला इथे ‘डॉग पाउंड’ म्हणतात. तिथले लोक लाकडी बाकं उखडून मैदानात टाकत होते. शेवटी पंचांनी खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे वळवला. ब्राउन्स २६–१० जिंकले. सामना संपल्यावर अर्नेस्ट बायनर धावत त्या डॉग पाउंडपाशी गेला आणि कठड्यापलीकडच्या लोकांना एकेक करून मिठ्या मारत राहिला. दाढीवाले, धिप्पाड पुरुष त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होते.

हा बायनर कोण? जानेवारी १९८८ मध्ये डेनव्हरविरुद्ध, सुपर बोलच्या, म्हणजे फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडच्या सामन्यात, बरोबरीचा टचडाउन दोन हातांवर असताना ज्याच्या हातून चेंडू सुटला तोच. त्या दिवशी त्याने एकट्याने १८७ यार्ड आणि दोन टचडाउन केले होते. तो नसता तर संघ तिथवर पोहोचलाच नसता. तरीही वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहिला तो सुटलेला चेंडू. त्याला दुसऱ्या संघात पाठवलं गेलं, तो परत आला, आणि शेवटच्या दिवशी या गावाची समजूत काढायला तोच पुढे झाला. बायनर क्लीव्हलँडचा नव्हे, जॉर्जियाचा. आता तो कोणाचा माणूस म्हणायचा ते तुम्हीच सांगा.

पुढे शहर कोर्टात गेलं, कारण स्टेडियमचा करार १९९८ पर्यंतचा होता. देशभरच्या चाहत्यांनी इतर मालकांच्या कचेऱ्यांवर फॅक्सचा भडिमार केला. फेब्रुवारी १९९६ मध्ये समझोता झाला: खेळाडू आणि कर्मचारी बाल्टिमोरला जातील, पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि १९४६ पासूनचे सगळे विक्रम क्लीव्हलँडमध्येच राहतील. बाल्टिमोरच्या संघाला रेव्हन्स म्हणून कोरी पाटी घ्यावी लागली. तीन हंगाम इथे संघच नव्हता, पण नाव होतं. १९९९ साली त्याच नावाने, त्याच जागी बांधलेल्या नव्या मैदानात संघ पुन्हा उभा राहिला. जुन्या स्टेडियमच्या काँक्रीटचे तुकडे ईरी तळ्यात टाकून त्यांचे माशांसाठी कृत्रिम खडक केले.

याचं मोल कळायचं असेल तर बाल्टिमोरचाच आधीचा इतिहास पाहा. १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्रीत ट्रक भरून कोल्ट्स इंडियानापोलिसला गेले, आणि जाताना नाव, निशाण, जुने विक्रम सगळं घेऊन गेले. बाल्टिमोरच्या म्हाताऱ्या चाहत्यांच्या आठवणी आज कागदोपत्री दुसऱ्या शहराच्या नावावर आहेत. क्लीव्हलँडने ते होऊ दिलं नाही. धंदा मालकाचा असतो हे मलाही मान्य आहे. पण धंद्याखेरीज आणखी काहीतरी असतं आणि त्यावर गावाचा हक्क असतो, हे अमेरिकेसारख्या देशात, करारनाम्यावर सह्या होऊन मान्य झालं.

बेसबॉलची गोष्ट वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. हो, नाव बदललं. २०२१ च्या हंगामानंतर ‘इंडियन्स’चे ‘गार्डियन्स’ झाले. लाल चेहऱ्याचं ते बोधचिन्ह त्याआधीच, २०१८ नंतर, गणवेशावरून उतरलं होतं. ते उतरायलाच हवं होतं. मूळ रहिवासी समाजाची माणसं वर्षानुवर्षं हंगामाच्या पहिल्या दिवशी स्टेडियमबाहेर निषेधाचे फलक घेऊन उभी राहात. त्यांच्या चेहऱ्याची केलेली थट्टा टोपीवर मिरवून मी गावाच्या प्रेमाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने करणार? आणि नवं नाव कुठून आलं पाहा. स्टेडियमजवळच्या, १९३२ साली पूर्ण झालेल्या पुलावर दगडात कोरलेल्या रक्षकांच्या भव्य मूर्ती आहेत. नाव त्यांचं घेतलं. असं नाव दुसऱ्या कुठल्या शहराला लावताच येणार नाही.

‘मग उरलं काय?’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे जॉन अ‍ॅडम्स. ऑगस्ट १९७३ मध्ये हा माणूस आपला मोठा बास ड्रम घेऊन म्युनिसिपल स्टेडियमच्या बाकड्यांवर जाऊन बसला. स्वतःचं एक तिकीट, ड्रमचं एक. मैदान बदललं तसा तोही ड्रम उचलून नव्या मैदानात गेला आणि डाव्या बाजूच्या मोठ्या धावफलकाखाली, अगदी वरच्या रांगेत बसला. तो उगाच बडवत नसे. आपले धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आले किंवा शेवटच्या इनिंगमध्ये आपण मागे असलो की सुरू होई. आधी संथ, मग पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकायला वळला की लय वाढत जाई, आणि आमच्या टाळ्या आपोआप त्या लयीत पडत. तीन हजारांहून अधिक सामने त्याने वाजवले. जानेवारी २०२३ मध्ये तो गेला. मालक बदलले, मैदान बदललं, आणि हा आपल्या पदरच्या पैशाने तिकीट काढून तिथेच बसला होता. त्याची जागा आता ब्रॉन्झच्या ड्रमने राखलेली आहे.

खेळाडूंचं म्हणाल तर होजे रामिरेझचं उदाहरण घ्या. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या या मुलाला २००९ साली अवघ्या पन्नास हजार डॉलरवर घेतलं होतं. पुढे तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जाऊ लागला. बाजारात उभा राहिला असता तर कितीतरी जास्त मिळालं असतं. २०२२ मध्ये त्याने कमी पैशात करार करून इथेच राहायचं ठरवलं. सगळे असे नसतात, मान्य. बरेच निघून जातात आणि जिवाला लागतं. पण ‘सगळे भाडोत्री’ हे तुमचं वाक्य त्याच्यापुढे टिकत नाही.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे: सरकारी पैसा. ब्राउन्सच्या सध्याच्या मालकांना तळ्याकाठ सोडून विमानतळाजवळ ब्रूक पार्कला छपराचं नवं स्टेडियम हवं आहे, आणि ओहायो राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी ६० कोटी डॉलरची तरतूद केली. तीही कशातून, तर लोकांच्या दावा न केलेल्या रकमांतून. मला हे अजिबात पटत नाही. संघ गावाचा आहे असं मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ गावाने मालकाचं बिल भरावं असा होत नाही. उलट ज्यांचा हक्क आहे त्यांनीच अशा वेळी जाब विचारायला हवा.

आता पराभवाचे गोडवे. मी ते गात नाही. ब्राउन्सचा २०१७ चा ०–१६ हंगाम, सोळाच्या सोळा सामने हरलेला, लाजिरवाणा होता आणि माझ्या लेखात तसं स्पष्ट लिहिलं आहे. १९४८ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, नाही, १९६४ नंतर फुटबॉलचं अजिंक्यपद नाही, सुपर बोलमध्ये तर एकदाही पाऊल नाही. हे दुखतं. पण गावाची आठवण एवढीच नाही. १९४६ ते १९५५ या दहा वर्षांत ब्राउन्स दरवर्षी अंतिम सामना खेळले आणि सात वेळा जिंकले. १९४६ मध्येच त्यांनी मॅरियन मोटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानात उतरवलं, म्हणजे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळण्याच्या आधी. जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी इथल्याच बेसबॉल संघात अमेरिकन लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीचा) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. १९४८ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्यात डोबीच्या होमरनने आणि स्टीव्ह ग्रोमेकच्या पिचिंगने संघ २–१ जिंकला. त्यानंतरचा फोटो शोधून नक्की पाहा. एक काळा आणि एक गोरा माणूस गालाला गाल लावून, तोंडभर हसत उभे आहेत. त्या काळच्या अमेरिकेत वर्तमानपत्रांतून असं काही सहसा दिसत नसे. मला विचाराल तर या शहराच्या खेळाच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा क्षण आहे, कुठल्याही करंडकापेक्षा मोठा.

आणि हरलेल्या सामन्यांबद्दल लिहितो ते त्यात जिंकण्याची ताकद होती म्हणून. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात आठव्या इनिंगला राजाय डेव्हिसने होमरन मारून ६–६ केलं, तेव्हा आमच्या बैठकीतले झाडून सगळे उभे राहून ओरडत होतो. मग पाऊस आला, आणि दहाव्या इनिंगमध्ये शिकागो ८–७ जिंकलं. निकाल माहीत असूनही तो फटका मी आजही पाहतो, कारण तो अस्सल होता.

राहता राहिलं कोल्हापूर. तिथल्या फुटबॉलमध्ये वाढलेल्या माणसाला तुम्ही हा प्रश्न विचारावा याचं नवल वाटतं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालीम संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. तालमींतही बाहेरचे खेळाडू येतात, अगदी परदेशातलेही. म्हणून पेठेतलं कोणी तालीम परकी झाली असं म्हणत नाही. पेठ हे काय प्रकरण असतं ते मी तिथेच शिकलो. इथे आल्यावर शेजाऱ्यांच्या सुखदुःखात बसलो, माझी मुलं याच शाळांत शिकली, बर्फ उपसला, कर भरला. माणसाला दोन गावं असू शकतात, आणि एकाचं प्रेम दुसऱ्यातून वजा होत नाही.

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात मुलीकडे कोलंबसला येणार आहात. तिथे हंटिंग्टन पार्कमध्ये क्लिपर्स नावाचा संघ खेळतो. तो गार्डियन्सच्या लगतच्या खालच्या पायरीचा संघ आहे, म्हणजे उद्याचे आमचे खेळाडू आज तिथे आहेत. तिकीट स्वस्त, बसायला ऐसपैस. आधी तो सामना पाहा. मग एखाद्या शुक्रवारी क्लीव्हलँडला या, उन्हाळ्यात शुक्रवारच्या सामन्यानंतर बहुधा आतषबाजी असते. गाडी विमानतळाच्या बाजूला लावून रेड लाइनच्या लोकल गाडीने टॉवर सिटी स्थानकावर उतरा, तिथून मैदान चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिकिटं काढण्याआधी इथेच दोन ओळी लिहा, वरच्या रांगेतल्या बाकड्यांची काढू.