टोकियोत उभी राहिलेली 'एकच' इमारत?

कुठे भूकंप झाला की दोन दिवसांत हा मजकूर व्हॉट्सॲपवर येतोच: '१९२३ मध्ये अख्खं टोकियो भुईसपाट झालं. ओरखडाही न पडता उभी राहिली एकच इमारत, अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचं इम्पीरियल हॉटेल. कारण पाया चिखलावर तरंगता होता. आणि भूकंप झाला उद्घाटनाच्याच दिवशी!'

शेवटचं वाक्य खरं आहे. १ सप्टेंबरला उद्घाटन होतं, बाराला दोन मिनिटं कमी असताना जमीन हादरली.

'एकच इमारत' ही मात्र निव्वळ थाप. हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं, जपानी वास्तुविशारद तात्सुनो किंगोचं टोकियो स्टेशन जवळपास जसंच्या तसं राहिलं. ताचू नाइतो या इंजिनिअरने आखलेली इंडस्ट्रियल बँकेची नवीकोरी इमारतही शाबूत राहिली. त्याचं नाव कुठल्या फॉरवर्डमध्ये वाचलंय? शिवाय लाखभर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. नुसत्या हादऱ्याने नाही.

'ओरखडाही नाही' हे कुठून आलं? हॉटेलचे प्रमुख बॅरन ओकुरा यांच्या तारेतून. राइट तेव्हा अमेरिकेत होता. 'हॉटेल अबाधित, तुमच्या प्रतिभेचं स्मारक' अशा अर्थाची ती तार त्याने वर्तमानपत्रांना दिली आणि जन्मभर मिरवली. प्रत्यक्षात मधल्या भागातल्या फरशा फुगल्या होत्या, काही भाग खचला होता.

आता तो पाया. वरच्या थोड्या मातीखाली साठेक फूट गाळ. राइटने आखूड खुंट ठोकून त्यावर इमारत ठेवली. समुद्रावर जहाज तरंगतं तशी, हे त्याचंच म्हणणं. पण मऊ गाळात हादरा मुरत नाही, उलट वाढतो. पुढची चाळीस वर्षं हॉटेल खचतच राहिलं, काही ठिकाणी मीटरभर. १९६८ पर्यंत ते पाडलंही गेलं. दर्शनी भाग तेवढा इनुयामाजवळच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात नेऊन पुन्हा उभारलाय.

म्हणजे राइटला श्रेयच नाही का? आहे की. इमारत बसकी, तुकड्यातुकड्यांत जोडलेली, आणि छपरावर जड कौलांऐवजी तांब्याचा पत्रा. मला सर्वांत आवडतं ते दारासमोरचं तळं. खर्च वाचवायला संचालक ते रद्द करायला निघाले होते, राइट हटून बसला (ही हकिगतही त्याचीच, तेव्हा जरा जपूनच विश्वास ठेवा). भूकंपानंतर शहरातलं पाणी तुटलं, आग हॉटेलच्या दिशेने आली, तेव्हा माणसांनी रांग लावून बादल्या भरल्या त्या याच तळ्यातून.