जेवलास का?

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, मराठवाड्यातल्या केज तालुक्यात (जि. बीड) आमच्या गावात राहणारे निवृत्त मुख्याध्यापक. गेल्या महिन्यात आशाताईंनी, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्यसेविकेने, आपल्या तपासणीच्या तक्त्यातला प्रश्न नव्वदीच्या थोरल्या काकांना विचारला: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे का, मन उदास असते का? अण्णांना हा घराण्याचा अपमान वाटला. 'आपल्याकडे म्हातारी माणसे एकटी पडत नाहीत,' असे त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, 'मनाचे आजार हे तिकडचे दुखणे. ब्रिटनला २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमावा लागला, आम्हाला पार पुरतो.' हा बाण इंग्लंडात मी राहतो त्या लीड्सच्या दिशेने सुटला होता, हे उघड आहे.

पाराची हकिकत मलाही ठाऊक आहे. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पुढचे चार-पाच महिने कित्येक घरांत म्हातारी माणसे व त्यांच्यावर सोपवलेली नातवंडे एवढीच उरतात. त्या पारावर बसणारा कोणी 'मी उदास आहे' असे म्हणणार नाही. तो म्हणेल 'घाबरं व्हायलंय', 'झोप लागंना', 'हातापायात जीव न्हाई', आणि त्याला एक सलाईन लावून घरी पाठवले जाईल. सलाईनने दोन दिवस बरे वाटतेही, कारण तेवढा वेळ कोणीतरी उशाशी बसलेले असते.

इथे लीड्सला आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या आजीबाई किटली गॅसवर ठेवून विसरू लागल्या, तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, त्यांना स्मृतीच्या तक्रारी तपासणाऱ्या मेमरी क्लिनिककडे पाठवले, पुढे सकाळ-संध्याकाळ देखभालीला केअरर येऊ लागली, आणि त्यांच्या आजाराला नाव मिळाल्यामुळे कोणी त्याला म्हातारचळ म्हणाले नाही. हे सगळे मी गटावर सविस्तर लिहिले. त्यासाठी त्यांना किती महिने थांबावे लागले ते लिहिले नाही, आणि अकरा वर्षांत मी त्यांच्याशी फक्त कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी बोललो आहे, हेही लिहिले नाही.

तरीही माझा मुद्दा मी सोडणार नाही. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. वृद्धांच्या मानसिक आजारांसाठी म्हणून अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला केंद्र उभे राहिले, पण आमच्या गावाला ती इमारत अजून कोविडचा दवाखाना म्हणूनच माहीत आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीतही बोलतात. मात्र ज्या म्हाताऱ्याला कमी ऐकू येते आणि ज्याचा मोबाईल नातवाच्या खिशात असतो, त्याने आपल्या मनातले कोणादेखत बोलायचे? अशा वेळी दारात येऊन विचारणारी आशाताईच काय ती उरते, आणि तिलाच अण्णांनी उंबऱ्यावरून परत पाठवले.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितो आहे, ते आता सांगितले पाहिजे. त्याच तक्त्यात साठीपुढच्यांसाठी आणखी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का? माझी आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, 'जेवलास का बाबा?' दहा मिनिटांत ती चार वेळा विचारायची आणि मी चारही वेळा 'जेवलो' म्हणायचो. परदेशातल्या मुलाला आईचा हा प्रश्न कितीदा ऐकला तरी जास्त वाटत नाही. दिवाळीत पुतणीने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता, तेव्हा आई ताटातली तूर निवडताना दिसली. निवडून झालेली डाळ तिने सुपात ओतली, सूप पुन्हा ताटात रिकामे केले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. पुतणी म्हणाली, 'काका, आज्जीचं हे तिसऱ्यांदा चालू हाय.' त्यावर, जीपी आणि मेमरी क्लिनिकचे दाखले देणारा मी, 'वयोमानाने होतेच' असे म्हणालो आणि फोन ठेवला.

परवा मी अण्णांना गटाबाहेर वेगळा निरोप पाठवला की आईला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवायला हवे. वाद होईल या तयारीने मी लांबलचक मजकूर लिहून ठेवला होता. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: 'मंगळवारी नेतो. सकाळची एसटी गर्दीची असते, जीप सांगितली आहे.' माझे तिकीट डिसेंबरातले आहे.