खुलासा: ‘संशोधन कंपन्या करतातच, सरकारी पैसा कशाला?’

मुंबईतल्या ग्रुपांवर फिरणारा हा दावा चुकीचा आहे. ज्यातून विकायला काही निघत नाही, त्यावर कंपनी सहसा पैसा लावत नाही. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अभ्यास-चाचणी केली. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी: गर्भाशयमुखाला ४ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हे केलं. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरवर कुणाचं पेटंट? आणि निधी अमेरिकी सरकारचा होता, हे आम्हाला बोचतं. अशा दीर्घ चाचण्यांसाठी केंद्राच्या अर्थसंकल्पात मध्येच न तुटणारी, वाढीव तरतूद हवी.